मोराबंदरची खापरं आणि पाँपेईचा गुत्ता

घारापुरीला गेलेला माणूस काय करतो? लाँचमधून उतरतो, पायऱ्या चढतो, तीन तोंडांच्या शिवापुढं उभा राहून फोटो काढतो, माकडांना हाकलतो आणि शेवटच्या लाँचनं परत येतो. बेटाला पूर्वेकडं आणखी एक टेकडी आहे, तिच्यावर विटांचा जुना स्तूप आहे, आणि खाली मोराबंदर नावाची वस्ती आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. मुंबईहून हे बेट जेमतेम दहा किलोमीटर, आणि उरण-न्हाव्याच्या किनाऱ्यावर तर ते समोरच बसलेलं दिसतं. आम्ही गेलो तो रविवार होता. सोबत नेरूळ आणि बेलापूरची पाच-सहा पोरं. त्यातल्या एकानं ओहोटीच्या वाटेवर पडलेलं एक जाड, लालसर-पिवळं खापर उचललं आणि विचारलं, "सर, ही कुणाच्या घागरीची?"

त्या हातातल्या तुकड्याचं मला सांगता येईना. पण या किनाऱ्यावर जी खापरं अभ्यासकांना सापडलीत त्यांतली काही थेट भूमध्य समुद्राकडची आहेत. रोमन साम्राज्याच्या मुलखात दारू, तेल, माशाचं खारट कालवण भरून बोटीवर चढवायचे ते उभे मातीचे रांजण. त्यांना अँफोरा म्हणतात. आपल्याकडचे पुरातत्त्ववाले मद्यकुंभ म्हणतात. दोन कान, अरुंद गळा, खाली निमुळतं टोक. जमिनीवर ते उभं राहत नाही, बोटीच्या पोटात मात्र एकाला एक खेटून पक्कं बसतं. घारापुरीचे हे रांजण उत्तर रोमन काळातले, साधारण चौथ्या ते सहाव्या शतकातले मानले जातात. म्हणजे वरची ती प्रसिद्ध लेणी कोरली गेली त्याच्याही आधीपासून या धक्क्यावर परमुलखातला माल उतरत होता.

हे ऐकल्यावर आपल्या पोरांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. लगेच छाती फुगते. "म्हणजे आपले बौद्ध पूर्वज रोमशी व्यापार करत होते!" थांबा जरा. मी सुद्धा वीस वर्षांपूर्वी असंच भाषण ठोकत होतो. पण इतिहास हे टाळ्या मिळवायचं साधन नाही. तसं केलं तर आपल्यात आणि पुष्पक विमानवाल्यांत फरक काय राहिला?

आधी हेच बघा. गेल्या शतकात आपल्या देशात जिथं जिथं जाड, गळ्याचं, आतून काळं खापर सापडलं तिथं पंडितांनी "रोमन" म्हणून शिक्का मारला. पुढं रोबर्टा टोंबर या बाईंनी एकेक तुकडा हातात घेऊन तपासला. तेव्हा कळलं की यातले पुष्कळ तुकडे रोमन नाहीतच. ते इराकच्या खालच्या भागातले आणि इराणच्या आखाताकडचे. त्यांना कान नसतात, आतून डांबर फासलेलं असतं. त्यांना टॉर्पेडो जार असं नाव आहे. घारापुरीलाही हे डांबरी रांजण मिळालेत. म्हणजे समुद्रावर एकटा रोमन नव्हता. अरब होता, इराणी होता, इथला कोळी-खलाशीही असणारच. पण गोऱ्या माणसाचं नाव जोडलं की आपल्या इतिहासाला किंमत येते, ही आपल्या विद्वानांची जुनी खोड. आपण ती उचलू नये.

तरी रोमन माल येत होता हे पक्कं. इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात खलाशांसाठी एक वाटाड्या-वही लिहून ठेवलीय, 'पेरिप्लस' नावाची. त्याचं नाव गाव माहीत नाही, पण माणूस पक्का धंदेवाला. कुठल्या बंदराला काय विकतं, राजाला काय नजराणा लागतो, सगळं रोखठोक. आपला सगळा किनारा त्यात आहे: सोपारा, कल्याण, चौल. पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. पैठणचे गोमेदासारखे दगड, तेरचं साधं कापड. कल्याणबद्दल तो सांगतो की थोरल्या सातकर्णीच्या वेळी हे बंदर रीतसर चालू होतं, पुढं सत्ता बदलली आणि आता चुकून इकडं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणात कल्याणचं बंदर असं अडकलं होतं. ठाण्याच्या खाडीत तेव्हाही नाकाबंदी होती.

भडोचला काय उतरायचं त्याचीही यादी आहे. दारू पहिली, त्यात इटलीची चांगली, मग सिरियाकडची आणि अरबस्तानातली. तांबं, कथील, शिसं, पोवळं. आणि राजासाठी? चांदीची भांडी, उंची दारू, गाणारी पोरं आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली.

हे शेवटचं नीट वाचा. दारूच्या रांजणांच्या ओळीतच माणसं आहेत. त्या पोरींची नावं त्यात नाहीत. रांजण फुटला की खापर उरतं, दोन हजार वर्षं टिकतं. त्या पोरींचं खापरही उरलं नाही.

आता या रांजणाचं दुसरं टोक बघू. दारू जिथून निघायची तिथं ती रस्त्यावरचा माणूस कशी प्यायचा? इटलीत नेपल्सजवळ पाँपेई नावाचं गाव आहे. इसवी सन ७९ मध्ये शेजारचा ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव राखेत गाडलं गेलं. दुकानं, घरं, पाव, कुत्री, माणसं, सगळं जिथल्या तिथं. राजांचे वाडे इतिहासात कायम उरतात. गुत्ता उरत नाही. तो पाँपेईत उरला. तिथं रस्त्याला तोंड करून बांधलेले ओटे दीडशेच्या आसपास सापडलेत. ओट्यात रांजण पुरलेले, वरून तोंड उघडं. मागं एक-दोन खोल्या, कुठं चूल, कुठं माळ्यावर चढायचा जिना. खालती धंदा, मागं नाहीतर वरती बिऱ्हाड. धारावीत किंवा तुर्भ्याच्या झोपडपट्टीत जाऊन बघा, दुकान आणि घर एकाच भिंतीत. काही बदललेलं नाही.

वेतुतियस प्लॅसिडस नावाच्या एकाचा असा गुत्ता आहे. ओटा रंगीत दगडांच्या तुकड्यांनी मढवलेला, मागच्या भिंतीवर देवांचं चित्र. त्यात व्यापाराचा देव आणि दारूचा देव दोघंही हजर, धंदेवाल्याला दोघं लागतातच. आणि एका रांजणात गल्ला. चिल्लरीचा ढीग, जवळजवळ तीन किलो. डोंगर पेटला तेव्हा मालकानं पैसे तिथंच टाकले, परत येऊ म्हणून. ज्यानं आयुष्यभर चिल्लर मोजली त्याला ते कळेल. मागं त्याचं घर आहे, चांगलं, जेवायच्या दालनासह. म्हणजे सगळेच गुत्तेवाले भिकारी नव्हते.

२०२० च्या डिसेंबरात आणखी एक ओटा जगापुढं आला. त्यावर रंगात बदकं, कोंबडा, गळ्यात पट्टा घातलेला कुत्रा. रांजणांच्या तळाशी उरलेलं अन्न शास्त्रज्ञांनी तपासलं तर बदक, बकरं, डुक्कर, मासा, गोगलगाय. गरिबाचं जेवण म्हणजे जे मिळेल ते सगळं एका हंड्यात. घरी चूल नसलेली माणसं तिथं येऊन खायची. त्या कुत्र्याच्या चित्राच्या चौकटीवर कुणीतरी टोकदार वस्तूनं शिवी कोरलीय, निकियास नावाच्या माणसाला. शिवी मी इथं देत नाही, संपादक छापतील पण तुमच्या आया वाचतील. निकियास हे ग्रीक नाव. अभ्यासक म्हणतात तो बहुतेक मुक्त झालेला गुलाम, आणि कदाचित याच गुत्त्याचा मालक. गुलामीतून सुटला, चार पैसे जोडून धंदा टाकला, तरी भिंतीवर शिवी. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या एका गुत्त्याच्या भिंतीवर निवडणुकीच्या घोषणा रंगवलेल्या मिळाल्या. अमक्याला निवडून द्या, आणि खाली सांगणाऱ्यांची नावं: आसेलिना, झ्मिरिना, एग्ले, मारिया. गुत्त्यावर राबणाऱ्या बाया. नावं परमुलखातली दिसतात, पूर्वेकडची, म्हणून त्या गुलाम किंवा गुलामांच्या लेकी असाव्यात असं मानतात. रोममध्ये बाईला मत नव्हतं. तरी भिंतीवर नाव रंगवून त्यांनी उमेदवार सांगितला. आपल्या वस्तीत निवडणुकीच्या भिंती कोण रंगवतं आणि तिकीट कुणाला मिळतं, याचा हिशोब तुम्हीच लावा.

याच बायकांच्या जातीच्या बायांबद्दल (जात म्हणजे इथं धंदा) पुढं ३२६ साली कॉन्स्टंटाइन बादशहानं एक कायदा केला. व्यभिचाराचा खटला कुणावर चालवायचा? गुत्त्याच्या मालकिणीवर चालेल. पण तिथं दारू वाढणाऱ्या पोरीवर चालणार नाही, कारण ती इतकी हलकी की कायद्यानं तिच्या अब्रूची दखल घेण्याचं कारणच नाही. वरून वाटतं सूट दिली. खरं म्हणजे तिला माणसात धरलंच नाही. कायद्यानं शिक्षा करणं हा एक जुलूम, आणि कायद्यानं तुमच्याकडं न बघणं हा दुसरा. दुसरा आम्हाला जास्त माहीत आहे.

आणि गुलामाचं घर? पाँपेईच्या वेशीबाहेर चिविता जुलियाना म्हणून जागा आहे. तिथं २०२१ मध्ये एक खोली उकरली. १६ चौरस मीटर. आत तीन लाकडी खाटा, दोन मोठ्या आणि एक १.४० मीटरची, म्हणजे लहान पोराची असणार. एक मुतायचं भांडं. आणि कोपऱ्यात, खाटांच्या आसपास, अँफोरे रचून ठेवलेले. माणूस आणि रांजण एकाच कोठारात. मालकाच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात असतील. मोराबंदरच्या खापराकडं बघताना मला ही खोली आठवते. जो रांजण आपल्या किनाऱ्याला लागला, तसल्याच रांजणांच्या सावलीला कुणीतरी झोपत होतं.

तर रोमचं कौतुक मला सांगू नका. पण एक गोष्ट आहे, जी वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. जुवेनाल नावाचा एक रोमन कवी होता, जळका, टोमणे मारणारा. तो एका सरदारावर चिडतो. का? तर हा सरदार ओस्तिया बंदरातल्या गुत्त्यावर पडलेला असतो. तिथं खलाशी, चोर, पळून आलेले गुलाम, तिरड्या बनवणारे, आणि त्यांच्यात हा. कवीला सगळ्यात जास्त काय झोंबतं? की त्या गुत्त्यात पेले वेगवेगळे नाहीत. सगळे त्याच पेल्यांतून पितात.

माझा आजा गावच्या हॉटेलात चहा प्यायला जायचा. गावाचं नाव नको, सगळी गावं तीच. छपराच्या वळचणीला एक खिळा, खिळ्याला कान तुटलेला कप. तो आपला कप. पिऊन झाला की आपणच विसळून परत टांगायचा. हॉटेलवाला चहा वरून ओतायचा, धार लांबवून, कपाला किटली लागू नये म्हणून. पैसे मात्र तो हातात घ्यायचा, नाण्याला विटाळ नव्हता. रोममध्ये गुलामाच्या पायात बेडी होती, अंगावर डाग होता, मालकानं ठार मारलं तरी बराच काळ विचारणारं कुणी नव्हतं. पण मालकाची पोरं त्याच्याच कडेवर वाढत होती, स्वयंपाक तोच करत होता, शिकवणी तोच घेत होता. त्याच्या हातचं पाणी मालकाला चालत होतं.

बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळापासून धरला होता. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेलं आणि पुढं महाराष्ट्र शासनाच्या खंडांतून छापून आलेलं जे लिखाण आहे, त्यात त्यांनी रोमच्या गुलामीची आणि अस्पृश्यतेची तुलना केलीय. गुलामीचं समर्थन त्यांनी केलेलं नाही, हे आधी ध्यानात घ्या, कारण आपले विरोधक तेवढंच उचलतात. त्यांचा मुद्दा असा: गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून तो जगावा, शिकावा, कसबी व्हावा यात मालकाचा स्वार्थ तरी होता. गुलामीतून सुटण्याची वाट होती. गुलामी उघड होती, गुलामाला आपण गुलाम आहोत हे दिसत होतं. अस्पृश्याला कुणी विकत घेत नाही, म्हणून तो मेला काय नि जगला काय, नुकसान कुणाचंच नाही. आणि जन्मातून सुटका नाही. निकियास सुटला आणि गुत्ता टाकला. माझ्या आज्यानं हॉटेल टाकलं असतं तर चहा प्यायला कोण आलं असतं?

आता इकडं, सह्याद्रीत या. कारण खरी गोष्ट इथं आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन खांबांवरची अक्षरं बघा. पर्यटक नक्षी बघतात, तुम्ही अक्षरं बघा. धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांनी ते खांब दिलेत. हे गाव नेमकं कुठं, यावर वाद आहे. दात्यांत निदान सहा जण स्वतःला "यवन" म्हणवतात. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, पुढं पश्चिमेकडून आलेला कुणीही. त्यांची नावं मात्र सिहधय, धम्म अशी. म्हणजे हे लोक कालच बोटीतून उतरलेले नव्हेत, इथं रुळलेले, नाव बदललेले, धम्मात आलेले. काही अभ्यासक म्हणतात हे इथलेच, यवनांशी व्यापार करणारे असतील. असतील. पण त्यांनी स्वतःला यवन म्हणवून घेतलं आणि संघानं ते खांबावर कोरू दिलं, एवढं तर दगडात आहे.

आता हेच यवन मनुस्मृतीत शोधा. दहाव्या अध्यायात आहेत. ब्राह्मणाचं दर्शन नाही, क्रियाकर्म नाही म्हणून पतित होऊन वृषल झालेल्या जातींची यादी आहे, त्यात द्रविड, कांबोज, शक यांच्यासोबत यवन. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रावर जाणं हेच पातक. मनूच्या श्राद्धाच्या पंगतीत समुद्र ओलांडणाऱ्याला पान नाही. म्हणजे ज्या खलाशानं मोराबंदरला रांजण उतरवला, ज्या व्यापाऱ्यानं तो कल्याणला विकला, ते दोघंही एका पुस्तकात पतित आहेत, आणि त्याच मुलखातल्या लेण्यात दाते. असं का झालं याला कारण आहे. घाटातल्या वाटांवरून, नाणेघाटातून, बोरघाटातून माल जात होता, त्या वाटांवरच लेणी आहेत. ज्या माणसांना ब्राह्मणी पंगतीत जागा नव्हती त्यांना संघानं जागा दिली, आणि त्यांनी संघाला पैसा दिला. ही नुसती करुणा नव्हती, व्यवहारही होता. त्यात लाजायचं काय? विटाळानं व्यापार चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं जुन्नरला आहे. तिथल्या डोंगरांत तीन यवनांचे लेख आहेत. चंद नावाच्या एकानं लेण्याचा दर्शनी भाग दिला. इरिल नावाच्या दुसऱ्यानं दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. आणि चिट नावाच्या तिसऱ्यानं संघाला भोजनमंडप दिला.

जेवायची जागा. परमुलखातल्या, मनूच्या लेखी पतित अशा माणसानं बांधून दिलेली, आणि भिक्खू तिथं बसून जेवत होते. संघात आलेला भिक्खू कुठल्या कुळातून आला हे विचारलं जात नव्हतं. उपालि न्हावी होता, सुनीत रस्ते झाडणारा. तथागतांचं शेवटचं जेवण चुंद लोहाराच्या घरचं. पाँपेईच्या गुत्त्यात पेला एक होता, पण तो नशेपुरता, आणि उजाडल्यावर जो तो आपल्या बेडीकडं जायचा. जुन्नरच्या भोजनमंडपात पंगत एक होती, ती नियमानं.

आमच्यातला एक पोरगा हुशार. त्यानं विचारलं, "सर, वर स्तूप आणि खाली दारूचे रांजण. मग पंचशीलाचं काय?" प्रश्न बरोबर आहे. पाचवं शील दारूचंच आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्याला मी सांगितलं की बंदरावर सगळेच उपासक नसतात. अँफोऱ्यात तेलही येत होतं, माशाचं कालवणही. आणि रिकामा रांजण कुणी फेकून देत नाही, पाण्याला वापरतो. आपण डालड्याचे डबे किती वर्षं वापरले? खापर सापडलं म्हणून भिक्खू प्याले असं म्हणता येत नाही, आणि बंदरावर कुणीच प्यालं नाही असंही नाही. पुराव्यात जेवढं आहे तेवढंच बोलायचं.

त्या दोन पोढ्यांवर मात्र मी अजून अडकलोय. महाडला तुम्ही गेला असाल, २० मार्चला जाताच. चवदार तळ्यावरून परत येता. पुढच्या वेळी गावाजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत जा. तिथं कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचा लेख आहे. लेणं दिलं, चैत्यघर दिलं, खोल्या दिल्या आणि दोन बाजूंना दोन पोढ्या दिल्या. पाण्याचं दान दगडात कोरून ठेवलं. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात १९२७ साली माणसं पाण्याला शिवली म्हणून डोकी फुटली, आणि नंतर १०८ घागरींनी शेणगोमुताचं पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. हजार वर्षांनी कुणी तळ्याचा गाळ उपसला आणि त्या घागरींची खापरं मिळाली तर ते काय लिहितील? कुठला माल, कुठल्या बंदराहून आला? तळं सर्वांचं आहे हे हायकोर्टानं म्हणायला १९३७ साल उजाडलं. आणि त्याच १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. त्या जाळात यवनांना वृषल ठरवणारं ते पानही गेलं.

पुन्हा सांगतो, लेण्यांतही सगळं गुलाबी नव्हतं. राजे होते, सावकार होते, गुलाम ठेवणारेही असतील. पण दात्यांची यादी वाचताना आपली माणसं भेटतात. कल्याणचा लोहार नंद कान्हेरीत आहे. शेलारवाडीत एका नांगरकऱ्याची बायको आहे, तिनं लेणं दिलं. नाशिकला मुगुदास आहे, त्याला दासक म्हटलंय, अभ्यासक कोळी असा अर्थ लावतात. आणि महाराष्ट्राबाहेर, आंध्रात अमरावतीच्या स्तूपावर एक शिळा आहे, पूर्णघट कोरलेली. देणाऱ्याचं नाव विधिक. धंदा चम्मकार. बाप नाग, आणि बापाला पदवी आहे उपाध्याय. चांभाराचा बाप मास्तर! सोबत आई, बायको, भाऊ, पोरगा, मुली, सगळ्यांचा उल्लेख. तो आपला धंदा लपवत नाही. त्याला लपवायचं कारण नव्हतं. आज आपला शिकलेला पोरगा खोली भाड्यानं घेताना आडनाव गिळतो. कुठं काय बिघडलं, केव्हा बिघडलं, हा शोध घ्यायचा असेल तर विधिकापासून सुरुवात करा.

जाता जाता एक. पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक बाईची मूर्ती मिळाली, भारतातली. तशाच मूर्ती आपल्याकडं धाराशिव जिल्ह्यात तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाल्या. मराठवाड्याच्या कारागिराचा हात किंवा त्याच्याच वळणाचा कुणाचा तरी, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेला. ते कोरणाराचं नाव नाही. तिला लक्ष्मी म्हणून पाटी लागली, आता यक्षी म्हणतात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात काशाचा समुद्रदेव आणि दारूची सुरई निघाली, ती तिथल्या म्युझियमात आहे. नेवाशाला मद्यकुंभाची खापरं. म्हणजे माल घाट चढून आत आत गेला. बैलगाडी हाकणारा, घाटात खांद्यावर रांजण उचलणारा कोण, हे कुठंच लिहिलेलं नाही. लेण्यातही नाही. दान द्यायला चार नाणी लागतात.

मोराबंदरवरून आज समोर न्हावा-शेवा दिसतं. १९८९ ला ते बंदर सुरू झालं. त्याच्या आधी, १९८४ च्या जानेवारीत, जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण पडले. आज तिथं कंटेनर रचलेले असतात, एकाला एक खेटून, अँफोऱ्यांसारखेच. जवळून अटल सेतू जातो. आणि घारापुरीत कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून. दीड हजार वर्षांपूर्वी जगातल्या बंदरांशी बोलणाऱ्या बेटाला शेजारच्या किनाऱ्यावरचा दिवा मिळायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली. मोराबंदरची म्हातारी आम्हाला म्हणाली, "साहेब लोकं लेणी बघायला येतात, आमच्याकडं कोण येतो?"

नव्या मुंबईतल्या पोरांना माझं एक काम आहे. विमानतळाच्या जागेत वाघिवलीवाड्याजवळची केरूमाता लेणी येत होती तेव्हा ती वाचवा म्हणून आपली माणसं रस्त्यावर आली. चांगलं केलं. पण असा प्रसंग आला की कागद लागतात, नकाशा लागतो, मोजमाप लागतं, जुने फोटो लागतात. घोषणा एका दिवसात शिकता येते, ब्राह्मी लिपी शिकायला तीन महिने पुरतात. मूळ अक्षरं चाळीसच्या आत आहेत. दर महिन्याला एक लेणं: कोंडाणे, कान्हेरी, कार्ले, गांधारपाले, कुडे, जुन्नर. जायचं, लेख बघायचा, वहीत उतरवायचा, कुठली पोढी बुजली, कुठं कुणी शेंदूर फासला, तारीख घालून लिहायचं. दगडाला खडू लावायचा नाही, पाणी मारायचं नाही.

आणि काही उचलून आणायचं नाही. त्या पोरानं खापर खिशात घातलं होतं, घरी न्यायला. मी म्हटलं, जिथलं तिथं ठेव, जागेवरून हललं की ते मुकं होतं. तो थोडा नाराज झाला. मग वहीत त्याचा आकार काढून घेतला, बाजूला आपलं बोट ठेवून माप लिहिलं, आणि ओहोटी सरायच्या आत पुन्हा त्याच चिखलात, त्याच दगडाशेजारी ठेवलं. लाँच भोंगा देत होती, म्हणून धावत निघालो.